घरगुती गुप्त मतदान

१६ जून, रविवार

आजपासून रोजनिशी. मागची १९ जानेवारीला बंद पडली होती. तेव्हाची कारणं आता लागू नाहीत.

सुकेशनीची बारावी सुरू झाली. परभणीच्या घरात आम्ही चौघं. मी, बबिता, आमची एकुलती एक सुकेशनी आणि माय. लेक पुढे कोणत्या कॉलेजला, कोणत्या गावाला जाणार, हे या वर्षात ठरायचं आहे. बहुतेक घरांत हे बाप ठरवतो आणि मग चारचौघांत सांगतो, की पोरीनंच ठरवलं. मला हे मान्य नाही. एकोणीस वर्षं मी ऑफिसात सभांची इतिवृत्तं लिहितोय. निर्णय कसे घेऊ नयेत, हे फार जवळून पाहिलं आहे.

म्हणून संकल्प: या वर्षी प्रत्येक मोठा निर्णय घराच्या सभेत, गुप्त मतदानाने. नोटीस चोवीस तास आधी. सगळ्यांना एकेक मत. मायलाही.

संकल्प दोन: कॉलेजबद्दल मी स्वतःचं मत व्यक्त करणार नाही. हे सोपं जाईल, कारण मला मत नाही.

माय म्हणाली, चार टाळक्यांत कसली रे निवडणूक लावतूस नागेश, लय शिकला म्हणून असं व्हायलंय का तुला. बबिता काही बोलली नाही. ती आठवडाभर शाळेत बोलते. रविवारी तिला बोलायचं नसतं.

२३ जून, रविवार

पहिली सभा. विषय: गच्चीवर सुकेशनीसाठी अभ्यासाची खोली बांधणे. मंजूर, ४ विरुद्ध ०. लोकशाही घरात रुजायला वेळ लागत नाही. कोणीतरी सुरुवात करावी लागते.

पंडित मिस्त्री येऊन जागा बघून गेला. दोन महिन्यांत खोली हातात, म्हणाला. खोलीला बाहेरून वेगळा जिना आणि आत न्हाणी-संडास असावं, असं मी सुचवलं. बबिता म्हणाली, बारावीच्या सहा महिन्यांसाठी संडास? मी म्हणालो, पुढेमागे कॉलेजच्या मैत्रिणी आल्या, राहिल्या, तर सोय. तिनं विचारलं, कोणत्या गावच्या कॉलेजच्या? मी म्हणालो, ते अजून ठरलेलं नाही.

आणि ते खरंच आहे.

९ जुलै

सुकेशनी पहाटे पाचला उठते. सोबत म्हणून मीही उठायला लागलो. तिच्यासमोर बसून कालचा पेपर वाचतो. आज सहावा दिवस. ती म्हणाली, बाबा, तुमी झोपा बरं, पानं उलटायचा आवाज यायलाय.

उठणं बंद. अभ्यासात ढवळाढवळ नको.

१५ सप्टेंबर, रविवार

सभा. विषय: धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला कसं जायचं. रेल्वे की जीप? रेल्वे मंजूर, ३ विरुद्ध १.

विरोधातलं एक मत कोणाचं, हे मतदान गुप्त असल्यामुळे इथं लिहिणं योग्य नाही.

खोलीचा स्लॅब पडला. बाकी कामाला मिस्त्रीला विचारलं की तो म्हणतो, झालंच म्हणून समजा. मी समजून घेतो आहे.

१४ ऑक्टोबर

नागपूरहून परत. एवढ्या गर्दीत कोणी हरवू नये म्हणून मी आधीच सगळ्यांची कार्डं केली होती. नाव, गाव, फोन, चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने अडकवली. स्वतःचं कार्ड करायचं राहिलं, पण ते मलाच लागलं. पुस्तकांच्या स्टॉलवर वाकलो, मान वर केली, तर कोणी नाही. मोबाइल बबिताच्या पिशवीत. अडीच तास ठरलेल्या जागेवर उभा होतो. नंतर कळलं, ती ठरलेली जागा नव्हतीच, शेजारची होती.

सापडल्यावर माय म्हणाली, आमी तिघी एकत्र हाव, तूच तेवढा हरवलास. माईकवरून तिनं माझं नाव पुकारायला लावलं होतं. वय पंचेचाळीस, निळा शर्ट.

डब्यात मायने समोरच्या बाईला सांगितलं, नात इंजिनेर होणार हाय, पुण्याला. पुणे? हे मी पहिल्यांदा ऐकलं. सुकेशनीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

मी काही बोललो नाही. संकल्प दोन.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत बबिताचा भाऊ धम्मपाल नांदेडहून नवी गाडी घेऊन आला. तो मोठ्याने बोलतो, आणि त्याला वाटतं त्यामुळे ते खरं होतं. म्हणाला, चला दाजी, येलदरीचं धरण दाखवून आणतो. मी म्हणालो, नोटीस चोवीस तास आधी लागते. तो हसत हसत सोफ्यावर आडवा झाला. नोटीस काढली. दुसऱ्या दिवशी सभा, ३ विरुद्ध १ मंजूर. धम्मपालला मताचा अधिकार नव्हता. तरी त्यानं हात वर केला, तोही गुप्त मतदानात.

धरणावर सुकेशनीनं तिथल्या माणसाला पाऊण तास प्रश्न विचारले. दरवाजे किती, एक उचलायला किती वेळ, गाळ कुठं जातो, कोण मोजतं. तो माणूस शेवटी म्हणाला, साहेब, तुमची मुलगी ऑडिटला आलीय का? परत येताना ती म्हणाली, मला सिव्हिल करायचंय, पाण्याचं काम. धम्मपाल म्हणाला, मग नांदेडलाच ये की, मामाच्या घरी ऱ्हा, खानावळीची फिकीर न्हाई.

मी म्हणालो, परभणीतही चांगलं कॉलेज आहे.

हे मत नव्हतं. माहिती होती.

१ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प. एक: रोज चालणे. दोन: 'परभणीतही चांगलं कॉलेज आहे' हे वाक्य दिवसातून एकदाच. काल सुकेशनीनं बोटं मोजून दाखवली. चार झाली होती. त्यांपैकी एक मी दूधवाल्याला सांगितलं होतं, ते धरू नये.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: पोरगी गावात राहावी, असं मला वाटतं का? उत्तर: नाही. मला फक्त तिने सर्व पर्यायांचा विचार करावा, असं वाटतं, विशेषतः जवळच्या.

पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

४ जानेवारी

चालणं बंद. थंडी.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर आढावा सभा. आत्तापर्यंत सात ठराव. पहिला एकमताने, उरलेले सहाही ३ विरुद्ध १. भिंतीचा रंग, नवा मिक्सर, मायच्या डोळ्याचा डॉक्टर, सगळं ३ विरुद्ध १.

यावर विचार करतो आहे. बहुमत ही पद्धत ढोबळ आहे. घरात एकजण सतत अल्पमतात राहत असेल, तर त्याच्या मनाची बाजू कुठेच नोंदली जात नाही. तो एकजण कोण, हा मुद्दा नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे.

११ फेब्रुवारी

बारावीचा पहिला पेपर. तिला सेंटरवर सोडून बाहेर थांबलो. माझ्यासारखे पुष्कळ बाप होते. एकाला म्हणालो, पोरं बाहेरगावी गेली की घर खायला उठतं म्हणतात. तो म्हणाला, माझं पोरगं दहावीपासून लातूरला हाय, आम्ही आता गच्चीवर टोमॅटो लावलेत.

अशी माणसं असतात.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणूक, जेवणं, घरात बावीस माणसं. मायची भाची पालमहून एसटीने आली, येताना डोक्यावर ज्वारीचं पोतं. सगळे सुकेशनीला विचारत होते, पुढं काय. ती म्हणायची, सिव्हिल. कुठं? ती माझ्याकडे बघून म्हणायची, सभेत ठरंल. सगळे हसायचे. मला अभिमान वाटला. आपण घालून दिलेली शिस्त लेक चारचौघांत सांगते.

बबिता स्वयंपाकघरात म्हणाली, पोरगी तुमची टिंगल करायलीय. मी म्हणालो, असं मला वाटत नाही.

खोलीला प्लास्टर झालं. दार बाकी.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. खीर. बारावीचा निकाल गेल्याच आठवड्यात लागला, ८८ टक्के. आता सीईटीचा. मायने शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलं, सीईटीपण झाली म्हणून. सीईटी म्हणजे काय, तिनं मला नंतर विचारलं.

१६ जून, सोमवार

सीईटीचा निकाल. ९४.१ पर्सेंटाइल. घरात सगळे रडले. मी कागद प्रिंट करायला बाहेर गेलो आणि तिथं रडलो. दुकानदार म्हणाला, कमी पडले का साहेब? म्हणालो, नाही हो, जास्त पडले.

रोजनिशीला वर्ष पूर्ण. सातत्य राहू शकतं, हे सिद्ध झालं.

६ जुलै, रविवार

पुण्याला जाऊन आलो. मी आणि सुकेशनी. कॉलेज बघायला. मी खुल्या मनाने गेलो होतो.

निरीक्षणं: रिक्षावाले थांबत नाहीत. होस्टेलचा जिना चौऱ्याऐंशी पायऱ्यांचा. मेसची भाजी गोड. बाहेर बसलेली मुलं आपापल्या मोबाइलमध्ये. हवा दमट. गुणांचा रकाना आखला होता. तो भरायला वेळ मिळाला नाही.

त्यांच्या लॅबमध्ये काचेचा लांब कालवा आहे, त्यातून पाणी सोडून बघतात. आम्हाला तिथं कोणी अडवलं नाही. सुकेशनी काचेला नाक लावून उभी राहिली. एका सरांनी तिला पाणी सोडून दाखवलं, तिच्या हातात चाक दिलं, म्हणाले, फिरव. ती फिरवत होती. पंधरा-वीस मिनिटं. मी म्हणालो, चल, गाडी चुकेल. गाडीला साडेतीन तास होते.

ट्रेनमध्ये ती म्हणाली, बाबा, मला हेच पायजे.

इतर गावची कॉलेजं बघायला जायची गरज वाटली नाही. तिथं दोष असतीलच असं नाही.

२० जुलै, रविवार

प्रवेशाचं माहितीपत्रक तीनदा वाचलं. हायलायटर संपला. मुख्य गोष्ट अशी: कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी भरायची. पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज मिळालं, की ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणजे एक नंबरला काय टाकायचं, यावर पोरीचं पुढचं सगळं. इथं घाई, भावना, एकाची मनमानी चालणार नाही.

म्हणून सभा. आणि या वेळी नवीन पद्धत: गुण. चार गावं. पुणे, नांदेड, लातूर, परभणी. प्रत्येकाने पहिल्या पसंतीला चार गुण द्यायचे, मग तीन, दोन, एक. बेरीज जास्त, ते एक नंबर. बरोबरी झाली तर उमेदवाराची पसंती निर्णायक. हा नियम मी स्वतःहून घातला. तिच्या बाजूचा आहे, हे नमूद करतो.

या पद्धतीत अल्पमतालाही न्याय मिळतो.

सुकेशनीला समजावून सांगितलं. तिनं कागद घेतला, बराच वेळ बोटांवर काही मोजलं, मग म्हणाली, चालतंय. पण ठरलं की ठरलं, बाबा. तुमीपण फिरायचं न्हाई. दोघींनी सह्या केल्या, मायने अंगठा. सगळ्यांत शेवटी मी.

तिनं मोजलं काय असेल? आजीची आणि स्वतःची पसंती धरून ती निश्चिंत दिसते. तिने सर्व शक्यता मोजल्या नसाव्यात.

२६ जुलै

मतपत्रिका तयार केल्या. मायला वाचता येत नाही, म्हणून चिन्हं काढली. नांदेडला पूल. लातूरला बस. परभणीला घर, कारण ते काढायला सोपं. पुण्याला कुलूप. कुलूपच का, असं बबिताने विचारलं. काही हेतू नाही. हाताला येईल ते काढलं.

मायला सांगितलं, जे सगळ्यांत आवडलं त्याखाली चार टिंबं, मग तीन, असं. ती म्हणाली, घर हाय त्यात कामून चार द्यायची, घरात तर हावच की आपण.

२७ जुलै, रविवार

सभा दुपारी तीनला. सगळे हजर. मतपत्रिका डब्यात. मायला नीट दिसत नाही म्हणून सुकेशनीनं मदत केली. नियमात मज्जाव नव्हता.

मी माझं मत पूर्ण विवेकाने दिलं. एक गोष्ट मात्र इथं लिहायला हरकत नाही. दुसरी पसंती देताना मी सरळ विचार केला, की नांदेडला धम्मपाल आहे. आठवड्याला त्याचा फोन येईल, दाजी, पोरीला काय खायला घालत होता तुमी. म्हणून लातूर. लातूर कोणाचीच पहिली पसंती असणार नाही, तेव्हा ते निरुपद्रवी.

मोजणी मीच केली, मोठ्याने:

लातूर १२
पुणे ११
नांदेड १०
परभणी ७

दोनदा मोजलं. लातूर.

लातूर सगळ्यांचीच दुसरी पसंती असावी. मायनं विचारलं, लातूरला आपलं कोण हाय? बबिता म्हणाली, कोणी न्हाई. मग त्याला कोणी निवडलं, माय म्हणाली.

गुप्तता राहावी म्हणून चारही मतपत्रिका गॅसवर जाळल्या. निकाल फ्रिजला लावला. सुकेशनी फ्रिजसमोर उभी राहून तो कागद वाचत होती. चार ओळी वाचायला तिला फार वेळ लागला. मग म्हणाली, ठीक आहे बाबा. मी सही केलीय.

माय म्हणाली, फाड ते कागद आन् पोरीला जाऊ दे जिथं जायचं तिथं. मी तिला समजावलं, की ठराव असा फाडता येत नाही. ती म्हणाली, कागदच हाय तो, हातानं फाटतंय.

आठ वाजता. फेरविचार व्हावा का? फॉर्म उद्या पाचपर्यंत बदलता येतो. फेरविचारासाठी विशेष सभा लागेल. नोटिशीचा मसुदा केला. भाषा जरा कडक झाली. सकाळी बघू.

२८ जुलै, सोमवार

१०.१५. ऑफिसात नोटीस पुन्हा लिहिली. आता भाषा बरोबर आहे. पण आता नोटीस दिली तर सभा उद्या सव्वादहाला. फॉर्मची मुदत आज पाच.

११.३०. तातडीच्या सभेची तरतूद आपल्या नियमांत आहे का, हे आठवून पाहिलं. नियम मीच केले आहेत. तरतूद नाही.

१.००. तरतूद आत्ता करता येईल. पण नियमबदलासाठीही सभा लागेल.

२.२०. स्वतःला विचारलं: मी सरळ फोन करून 'पुणे टाक' म्हणालो, तर ते कोणत्या अधिकारात? बाप म्हणून? मग वर्षभर केलं ते काय होतं?

३.४०. सुकेशनीचा फोन. विचारलं, बाबा, कन्फर्म करू का. मी म्हणालो, ठरावाप्रमाणे कर. त्यानंतर काही वेळ फोन चालू होता, पण आवाज नव्हता. नेटवर्क. मी दोनदा हॅलो म्हणालो. मग ती म्हणाली, करते.

५.०५. मुदत संपली. मन हलकं वाटतंय. निर्णय झाला की वाटतंच.

३१ जुलै, गुरुवार

अलॉटमेंट. लातूर, सिव्हिल. एक नंबरचं, म्हणून पक्कं.

बबिताने पेढे आणले. मिस्त्रीने आजच खोलीला दार बसवलं, त्यालाही दिला. तो म्हणाला, खोली कोणासाठी होती साहेब? माय म्हणाली, माझ्यासाठी. तिला तो जिना चढता येत नाही.

१ ऑगस्ट

प्रत्येक कॉलेज शेवटी किती पर्सेंटाइलला बंद झालं, ते साइटवर येतं. केवळ माहिती म्हणून पाहिलं. पुणे ९२.८ ला बंद झालं आहे.

तिचे ९४.१.

ही माहिती आता घरात कोणाच्या उपयोगाची नाही. सांगणार नाही. कॉम्प्युटर बंद करताना दिसलं, की तेच पान सकाळी सहालाही कोणीतरी उघडलं होतं. बबिता त्या वेळी अंघोळीला असते. मायला कॉम्प्युटर येत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

लातूरचे फायदे लिहून काढले. सतरा झाले. पाणी हा मुद्दा खोडला. सोळा. कागद सुकेशनीला दिला. तिनं वाचला, घडी केली, म्हणाली, छान लिहिलंय. मग लातूरच्या सिव्हिलचा सिलॅबस काढून बसली. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

११ ऑगस्ट

खरेदी. गादी, बादली, मच्छरदाणी. दुकानात धम्मपालचा फोन. ओरडून म्हणाला, दाजी, लातूर कुठून काढलं तुमी? मी म्हणालो, लोकशाही प्रक्रियेतून. तो म्हणाला, आमच्या ताईनं नांदेडला चार दिलते, पुण्याला दोन, मला सगळं ठाव हाय.

मतदानाची गोपनीयता या घरात कोणी पाळत नाही, याची नोंद घेतली.

१७ ऑगस्ट, रविवार

सुकेशनीला लातूरला सोडून आलो. बबिताला शाळेचं काम होतं, माय प्रवासाला थकते, म्हणून दोघंच. एसटीने. बादलीत मच्छरदाणी, मच्छरदाणीत लाडवांचा डबा.

होस्टेल बरं आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर, मोकळी, खिडकीला जाळी. रेक्टरबाई सभ्य. गुणांचा रकाना लगेच भरला. दोषांचा रकाना आखलाच नव्हता.

निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, बाबा, एक विचारू का. पुण्याला तुमी किती गुण दिलते?

मी म्हणालो, मतदान गुप्त होतं.

ती म्हणाली, माझे चार. आजीचे चार, टिंबं मीच तिचा हात धरून काढलीत. आईचे दोन, तिनंच सांगितलं. झाले दहा. तुमी फ्रिजला अकरा लावलते.

चार मतदार असताना बेरीज जाहीर केली, की चौथं मत आपोआप उघडं पडतं. एकोणीस वर्षं सभांचं काम करतोय. हे माझ्या लक्षात आलं नाही. ती म्हणाली, दोन दिले असते तर बरोबरी व्हायलती. बरोबरीत माझं चालणार होतं. तुमीच नियम लिहिलता.

विचारलं, तुला हे कधी कळलं? म्हणाली, त्याच दिवशी, तुमी चिठ्ठ्या जाळायलता तवा. मग दुसऱ्या दिवशी फोनवर का बोलली नाहीस? ती म्हणाली, मी थांबलते की. तुमी काही बोलाल म्हणून थांबलते.

मी म्हणालो, मला वाटलं नेटवर्क.

ती थोडी हसली. रागाने नाही. मग विचारलं, नियमात शून्य असतं तर किती दिले असते?

मी म्हणालो, नियमात शून्य नव्हतं. ती म्हणाली, म्हणून तर विचारायलेय.

म्हणालो, शून्य.

तिनं मान हलवली. म्हणाली, एवढंच सरळ बोलला असता ना बाबा, पोरी जाऊ नकोस म्हणून, तर मी भांडले असते तुमच्याशी. लय भांडले असते. आन् गेले असते पुण्याला. सहीच्या कागदाशी कसं भांडावं, ते मला न्हाई कळलं.

मग मच्छरदाणी बांधायची दोरी माझ्या खांद्यावरच राहिली होती ती काढून घेतली, पोचल्यावर फोन करा म्हणाली, आणि आत गेली. फाटकातून जिना दिसतो. ती वर जाईपर्यंत उभा राहिलो. पायऱ्या मोजल्या नाहीत.

घरी आल्यावर बबितानं विचारलं, काही बोलली का जाताना? मी म्हणालो, विशेष काही नाही. मग लक्षात आलं, की मी पुन्हा तेच करतोय. म्हणून सगळं सांगितलं, शून्यापर्यंत. बबिता म्हणाली, मला ठाऊक होतं. आतल्या खोलीतून माय म्हणाली, मलाबी.

म्हणजे चौघांत गुप्त मतदान मी एकट्यानेच केलं, आणि ते तिघींना माहीत होतं.